शेवटचा क्लोरीन

मुलांनो, जवळ पाण्याचा पेला असेल तर तो हातात घ्या. पिऊ नका एवढ्यात. उजेडासमोर धरा आणि आरपार बघा. काय दिसतं? पलीकडची खिडकी दिसते, बाकी काही नाही. आता कल्पना करा, आणखी पंधरा-वीस वर्षं उलटली आहेत आणि तुम्ही असाच पेला घेऊन सोनदरे नावाच्या गावात बसला आहात. पाणी इतकंच नितळ आहे. तुम्हाला तहान लागली आहे. साऱ्या गावाला वाटतं, हे पाणी प्यायला हरकत नाही. तुम्हाला एकट्यालाच ठाऊक आहे की ते पिऊ नये, आणि ते का, हे मात्र तुम्हाला कोणाला सांगता येत नाही.

शर्वी खुटवड सहावीत होती, तेव्हा ती अशी बसली होती.

सोनदऱ्याची विहीर मोठी, दगडी बांधणीची. तिचं पाणी गोड म्हणून सगळ्या पंचक्रोशीत नाव होतं. पाहुणे यायचे, तांब्या तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडचं पाणी काय गोड हो!" गावाला त्याचा अभिमान. तो गोडवा कुठून येतो याचा विचार कोणी केला नाही. गावाच्या वरच्या अंगाला यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता. सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस धुवायला तिथे एक पातळ, रंगहीन द्रव वापरायचे. त्याचं पूर्ण नाव ट्रायक्लोरोएथिलीन; कामगार नुसतं 'ट्राय' म्हणायचे. त्याला मंद, गोडसर वास असतो. वापरून मळलेला ट्राय कारखान्याच्या मागच्या खड्ड्यात ओतायचे. जमिनीत जिरून जायचा. प्रश्न मिटला, असं त्यांना वाटायचं.

जमिनीत जिरलं म्हणजे गेलं असं नसतं. ट्राय पाण्यापेक्षा जड. तो पाण्यावर तरंगत नाही, खाली खाली उतरतो, काळ्या खडकाच्या फटींत जाऊन बसतो आणि वरून वाहणाऱ्या पाण्यात थोडा थोडा विरघळत राहतो. वर्षानुवर्षं. पाहुणे ज्याची तारीफ करायचे तो गोडवा त्याचा होता. गावातल्या बऱ्याच जणांची मूत्रपिंडं गेली, तेव्हा कोणीतरी पाणी तपासलं. मग कोर्ट, मग निवाडा. विहिरीवर पोलादी झाकण बसलं, झाकणावर एक पेटी आणि पेटीवर दिवा. पेटीतली बारीक नळी रोज सकाळी एकदा विहिरीतलं थोडं पाणी एका वाटीत ओढून घ्यायची आणि वाटीतली चकती त्यात ट्राय किती आहे ते मोजायची. ट्राय जास्त असेल तर दिवा लाल. दिवा लाल असेपर्यंत कारखान्याने गावाला टँकरने पाणी द्यायचं. हिरवा झाला की टँकर बंद आणि कारखाना मोकळा.

शर्वी जन्मली तेव्हा दिवा लाल होता. ती चालायला लागली, शाळेत गेली, तरी लालच. सोनदऱ्यात मुलगी द्यायला कोणी तयार होईना. "लाल दिव्याचं गाव," म्हणायचे आजूबाजूचे.

शर्वीचे वडील हरिभाऊ हे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. पूर्वी गावच्या पाण्यात दर आठवड्याला टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर टाकणं हे त्यांचं मुख्य काम. विहीर बंद झाल्यावर ते टँकरच्या पाण्यात टाकायचे. बादलीत पावडर कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. कालवायचं काम शर्वीचं. ती तोंडाला ओढणी बांधून लाकडी दांड्याने ढवळायची. हरिभाऊ तोंडाला काही बांधायचे नाहीत. इतक्या वर्षांत त्या पावडरने त्यांचं नाक पार मारून टाकलं होतं. डाळ करपली तरी त्यांना कळायचं नाही.

"अहो, जरा बघा तरी शेगडीकडे," शर्वीची आई म्हणायची. "घर जळलं तरी हा माणूस खुर्चीत बसून पेपर वाचेल!"

"जळलं तर तू ओरडशीलच की," हरिभाऊ म्हणायचे.

पावडरीच्या पोत्याचं तोंड मात्र ते दर वेळी दोनदा आवळून बांधायचे. "हिला वारा लागू द्यायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही," त्यांनी शर्वीला शिकवलं होतं. "उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो. दिसायला पांढरीच दिसते, पण आत दम राहत नाही. मग टाकली काय न् नाही काय."

घरात भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, एक पुढे, एक मागे. ती हरिभाऊंची धाकटी बहीण नंदा. हरिभाऊ लहान होते तेव्हा गावात गॅस्ट्रोची साथ आली. त्या आठवड्यात विहिरीत पावडर टाकायची राहिली होती. सकाळी नंदा अंगणात खेळत होती आणि संध्याकाळी तिला उचलून तालुक्याला नेताना तिचे डोळे आत गेले होते. ती परत आली नाही. हरिभाऊ त्याबद्दल बोलायचे नाहीत. पावडर टाकायचे.

आणि मग एक दिवस डॉक्टर निलोफर मुजावर गावात आल्या आणि म्हणाल्या की त्या पाण्यात जंतू सोडणार आहेत.

*

सभा शाळेच्या पटांगणात होती. मुजावर मॅडम मूळच्या मिरजेकडच्या, प्रयोगशाळा पुण्यात. उंच, चष्मा, पायात धुळीने भरलेले बूट. गावाशी बोलायच्या आधी त्या पुढे बसलेल्या मुलांशी बोलल्या.

"ट्रायचा एक कण म्हणजे काय? हात धरून उभे असलेले दोन कार्बन. आणि त्यांच्या अंगाला चिकटलेले तीन क्लोरीन. गोचिडी पाहिल्यात ना म्हशीच्या अंगावर?"

"हो!" सगळी मुलं ओरडली.

"तशा तीन गोचिडी. आपल्याला म्हैस मारायची नाही, नुसत्या गोचिडी काढायच्या आहेत. विहिरीभोवती आम्ही बोअर घेणार, त्यांत लोखंडाची अगदी बारीक भुकटी सोडणार. लोखंड गंजतं तेव्हा पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं आणि हायड्रोजन सोडतं. तो हायड्रोजन ज्यांचं अन्न आहे, असे जंतू आम्ही प्रयोगशाळेत वाढवलेत. ते तो घेतात आणि एकेक क्लोरीन उपटून काढतात. पहिला, दुसरा, तिसरा. तिन्ही निघाले की उरतो एथिलीन. पिकलेल्या केळ्यातून निघतो ना, तोच वायू. बिचारा कोणाला काही करत नाही."

"आणि ते जंतू?" मागून हरिभाऊंनी विचारलं.

"ते कोणाला आजारी पाडत नाहीत, दादा. प्राणवायू लागला की मरतात. माणसाच्या अंगात जगायची त्यांना सोयच नाही."

"पण जंतूच ना?"

"जंतूच."

"म्हणजे पाण्यातले जंतू मारायला सरकार मला पगार देतं," हरिभाऊ म्हणाले, "आणि पाण्यात जंतू सोडायला तुम्हाला देतं."

पटांगण हसलं. मॅडमही हसल्या. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "एकच सांगते. पंप विहिरीतलं पाणी उचलून बोअरमध्ये सोडणार, ते खडकातून फिरून पुन्हा विहिरीत येणार. सारखं चक्र. म्हणून या विहिरीत टीसीएल पडता कामा नये. चिमूटभरसुद्धा नको. पहिले दोन क्लोरीन काढणारे जंतू जरा दणकट असतात. शेवटचा क्लोरीन काढणारा एकच आहे आणि तो फार नाजूक. तो मेला तर काम अर्ध्यावर थांबेल. आणि अर्ध्यावर थांबणं हे सुरू न करण्यापेक्षा वाईट."

सरपंच शालनकाकू हरिभाऊंकडे वळल्या. "ऐकलं ना हरिभाऊ?"

"ऐकलं," हरिभाऊ म्हणाले.

काम सुरू झालं. झाकणाला एक छोटं दार होतं, त्याची आणि पेटीची किल्ली हरिभाऊंकडे. पेटीतल्या वाटीवर शेवाळ धरू नये म्हणून ती मधूनमधून पुसावी लागायची. वाटीत मोठ्या माणसाचा हात जात नसे, म्हणून ते शर्वी करायची. पहिल्या आठवड्यात वाटी पुसायला दोघं गेले तेव्हा हरिभाऊंच्या हातात बादलीही होती.

"पप्पा, मॅडम नको म्हणाल्यात."

"मूठभरच आहे."

"चिमूटभरपण नको म्हणाल्या."

"मॅडम पुण्यात राहतात, बाळा." हरिभाऊंनी दार उघडलं आणि निवळ पाणी अलगद आत सोडलं, आवाज न करता. "उद्या काही झालं तर त्यांना फोनवर कळेल. मला इथे डोळ्यांनी बघावं लागेल. चिकू केवढासा आहे."

चिकू शर्वीचा धाकटा भाऊ, अजून बोबडं बोलणारा. त्यानंतर दर आठवड्याला तेच झालं, आणि शर्वीने कोणाला सांगितलं नाही. खरं तर तिला बरंही वाटलं. पप्पा असताना काही वाईट होत नाही, असं तिला तोवर वाटायचं.

*

दिवा पिवळा झाला तेव्हा लोकांनी फोटो काढले. पुढच्या उन्हाळ्यात तो हिरवा झाला. शालनकाकू विहिरीच्या कठड्याला टेकून लहान मुलीसारख्या रडल्या. पावसाळा आला, गेला, दिवा हिरवाच राहिला. कारखान्याने कळवलं, निवाड्याप्रमाणे आमचं काम पूर्ण झालं, रविवारी विहीर खुली करू आणि टँकर थांबवू. गावाने ठरवलं, जलपूजन करायचं, हरिभाऊंना शाल-श्रीफळ द्यायचं. आणि सोनदऱ्याची जुनी रीत अशी, की विहीर उपसून पुन्हा वापरात आली की पाण्याचा पहिला घोट पाणी राखणाऱ्याच्या घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्यायचा. ज्याच्या हाती पाणी, त्याचा स्वतःच्या कामावर विश्वास आहे की नाही, ते सगळ्यांना दिसावं म्हणून.

"आमचा चिकू," हरिभाऊ भेटेल त्याला सांगत होते. "पहिला घोट आमच्या चिकूचा."

शनिवारी दुपारी मुजावर मॅडम आल्या. झाकणावरच्या दिव्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गाडीच्या मागच्या भागात त्यांचं स्वतःचं यंत्र होतं, मोठ्या बॅगेएवढं. शर्वीने त्यांना बाटलीत विहिरीचं पाणी भरून आणून दिलं आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिली. यंत्राच्या पडद्यावर एक रेघ सरकत होती. कधी सपाट, कधी टेकडीसारखी वर जाणारी.

"ही बारकी टेकडी ट्रायची," मॅडम म्हणाल्या. "नसल्यासारखीच. म्हणून तुमचा दिवा हिरवा."

"आणि ही?" शर्वीने बोट दाखवलं. रेघेच्या सुरुवातीलाच एक उंच सुळका होता.

मॅडमनी रेघ पुन्हा सुरुवातीपासून पाहिली.

"हा एका क्लोरीनवाला. व्हायनिल क्लोराइड. दोन गोचिडी निघाल्या, शेवटची राहिली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गोचिडीची गोष्ट मी सांगितली ना, ती इथे लागू पडत नाही बघ. एकच गोचीड उरली म्हणजे म्हैस बरी असायला हवी. पण हा एका क्लोरीनवाला तीन क्लोरीनवाल्यापेक्षा वाईट. यकृत धरतो. हळूहळू, वर्षं घेतो, कॅन्सर होतो. एवढ्या प्रमाणात वास नाही, चव नाही. आणि दिव्याला तो दिसतच नाही."

"उकळलं तर?"

"पाण्यातून उडेल, स्वयंपाकघराच्या हवेत येईल. चुलीपुढे बसणारी आई तो श्वासातून घेईल. उंच मनोरा बांधून, पाणी फवारून, तो उघड्यावर उडवून देता येतो. यंत्रणा आहे तशी. बांधणार कोण?"

कारखान्याचे साहेब उद्याच्या मांडवाची जागा बघायला आले होते. मॅडमनी त्यांना हाक मारून पडदा दाखवला. साहेब वाकून बघत होते आणि शर्वी तिथेच बसलेली होती. लहान मुलं ऐकत नाहीत असं मोठ्यांना वाटतं.

"मॅडम, निवाड्यात कोणाचं नाव आहे? ट्रायचं. ट्राय आहे का?"

"नाही. पण..."

"मग झालं. निवाड्यात नसलेल्या गोष्टी मी बघायला लागलो तर मला नोकरी राहील का? आणि मला एक सांगा, हे असं अर्ध्यावर थांबलं कशामुळे? तुमचीच पद्धत ना?"

"तोच एक जंतू मेलाय. मरायचं कारण नव्हतं." मॅडमनी हरिभाऊंना बोलावून घेतलं. "दादा, खरं सांगा. विहिरीत पावडर पडली का?"

हरिभाऊंनी साहेबांकडे पाहिलं. मग शर्वीकडे. "नाही," ते म्हणाले.

साहेब हसले. "आणि पडली असेल तर फारच सोपं, मॅडम. गावानेच बिघडवलं, असं होईल. मग दिवा कुठलाही असो, आमची जबाबदारी त्या क्षणी संपली. लिहून ठेवलंय तसं." ते मांडवाकडे निघून गेले. हरिभाऊही गेले. शाल घ्यायला उद्या कुठला सदरा घालायचा, ते त्यांना ठरवायचं होतं.

शर्वीने हळूच विचारलं, "मॅडम, तो जंतू परत नाही का येणार?"

"खडकात खोल फटींमध्ये थोडे उरले असतील. विहीर बंद राहिली, पावडर पडली नाही, तर वर्ष-दीड वर्षात पुन्हा वाढतील. शेवटचा क्लोरीनही काढतील." त्यांनी यंत्र बंद केलं. "पण विहीर बंद राहायला दिवा लाल हवा ना. आणि तो तर हिरवा आहे."

*

त्या संध्याकाळी शर्वीने वडिलांना गाठलं. ते परसात दाढी करत होते.

"पप्पा, मॅडमचे जंतू आपल्या पावडरनेच मेले."

"मग?" आरशातून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "जंतू मेले तर वाईट काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. सुळका, यकृत, दिव्याला न दिसणारा एका क्लोरीनवाला. तिला जमेल तसं, भराभर, मध्येच मागे जाऊन. हरिभाऊंनी ऐकून घेतलं. गालावरचा साबण वाळत चालला होता.

"शर्वे, दिवा हिरवा आहे की नाही?"

"आहे, पण..."

"ट्राय आहे?"

"नाही."

"कॉलरा, गॅस्ट्रो, काही आहे? नाही. का नाही? मी पावडर टाकतो म्हणून. त्या बाईंचं औषध फसलं, आता त्यांना कोणाच्या तरी गळ्यात मारायचंय. माझ्या." त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मी पाणी बिघडवलं? मी?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही. उघड्या दारातून तो दिसत होता, तरी पाहिलं नाही. शर्वीला तेव्हा कळलं, की हे पप्पांना पटणार नाही. ते पटलं तर त्यांच्याजवळ काहीच उरणार नाही.

"उद्या चिकूला नका पाजू," ती म्हणाली.

"उद्या चिकूच पिणार," ते म्हणाले आणि वस्तरा पुन्हा गालाला लावला.

आता मुलांनो, शर्वीच्या जागी बसून बघा. बोललं तर वडील गावाचे गुन्हेगार ठरतात. टँकर तरीही बंद होतो, कारण साहेबांनी सांगितलंच आहे. दुसरं पाणी नाही, म्हणजे गाव तरीही तेच पिणार. गप्प बसलं तर उद्या सकाळी पहिला पेला चिकूच्या ओठांना लागतो. वर्गात मी गणित घालतो तेव्हा त्याला उत्तर असतं. हे गणित मोठ्या माणसांनी घातलेलं होतं.

गोठ्याच्या फळीवर एक जुना पत्र्याचा डबा होता. शर्वीचे आजोबा कारखान्यात होते. सायकलची साखळी पुसायला त्यांनी तो कधीतरी घरी आणला होता. गावात असा डबा बऱ्याच घरांत होता. फुकट मिळायचा, डाग चांगले काढायचा, कोणाला काय माहीत. शर्वीने झाकण उघडलं. मंद, गोडसर वास आला.

रविवारी पहाटे ती वाटी पुसायला एकटीच गेली. "किल्ली द्या, पप्पा, आज स्वच्छ पाहिजे सगळं," असं ती म्हणाली तेव्हा हरिभाऊ कौतुकाने हसले होते. तिने डब्यातल्या ट्रायमध्ये कापसाचा बोळा भिजवला आणि वाटीच्या कडेला, चकतीमागे, दिसणार नाही असा दाबून बसवला. विहिरीत तिने थेंबही पडू दिला नाही. दार बंद केलं. फ्रॉकला हात पुसले, तरी वास जाईना.

*

मांडव भरला होता. ताशा वाजत होता. शालनकाकूंनी विहिरीची ओटी भरली, साहेबांनी नारळ फोडला, हरिभाऊंच्या खांद्यावर शाल आली. त्यांनी ती दोनदा सावरली. कळशी वर आली. पितळी पेला भरला गेला. आईच्या कडेवर चिकू, नवे कपडे, कपाळाला गंध. हरिभाऊंनी पेला त्याच्या तोंडाजवळ नेला.

"लाल!" कोणीतरी किंचाळलं. "अहो, लाल झाला! दिवा लाल झाला!"

आईने पेला हाताने उडवला. पाणी शालीवर सांडलं, पेला फरशीवर घरंगळत गेला. चिकूला तो हवा होता. तो हात पुढे करून रडायला लागला. हरिभाऊ रिकामा हात तसाच पुढे धरून उभे होते.

मग गावाचा राग उसळला. साहेब तेवढ्यात गाडीत जाऊन बसले होते. मुजावर मॅडम मात्र मांडवात होत्या.

"आमच्या पाण्यात किडे सोडले!"

"वर्षं घालवली आमची! आता कोण मुलगी देईल या गावात?"

"आमचा हरिभाऊ बिचारा शाल घेऊन उभा राहिला. शोभा केली त्याची!"

मॅडमनी पुन्हा बाटलीभर पाणी घेतलं, थेट विहिरीतलं, कळशीतलं नव्हे. गाडीत जाऊन यंत्र चालवलं. ट्रायची टेकडी कालच्याइतकीच बारकी होती. म्हणजे विहिरीत ट्राय नव्हता, फक्त वाटीत होता. त्यांनी वर पाहिलं. पायरीजवळ शर्वी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे.

"हात बघू," मॅडम म्हणाल्या.

शर्वीने हात पुढे केले. मॅडमनी ते नाकाजवळ नेले.

"किती आहे तुझ्याकडे?"

"अर्धा डबा."

"तो हाताला लावत जाऊ नकोस. चिमट्याने धर. आणि घरात ठेवू नकोस, चिकू आहे."

एवढंच. त्या दिवशी त्यांनी वर कळवलं की दिवा लाल झाला आहे आणि पद्धत अपयशी ठरली आहे. खरं कळवलं असतं तर वाटी पुसली गेली असती, दिवा हिरवा झाला असता आणि सोनदरं त्या रात्रीपासून ते पाणी प्यायलं असतं. आता कारखान्याचा टँकर चालू राहणार होता. पण या पद्धतीची वाट बघत आणखी कितीतरी गावं बसली होती, काही चामड्याच्या कारखान्याखालची, काही कापड धुण्याच्या. त्यांच्यासाठी ठेवलेला पैसा परत गेला. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. ज्या जंतूला वाढवायला मॅडमची तरुण वर्षं गेली, त्याच्या बरण्या ओतून टाकल्या. मॅडम मिरजेला जाऊन एका कॉलेजात शिकवायला लागल्या. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. शर्वीलाही नाही.

*

टँकर पुन्हा येऊ लागला. रांग लागली, भांडणं लागली. रांगेत बायका मॅडमच्या नावाने बोटं मोडत होत्या आणि शर्वी कळशी घेऊन त्यांच्यातच उभी होती. हरिभाऊंनी शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. ते घरात फारसं बोलेनासे झाले. दिवा पिवळसर व्हायला लागला की शर्वी डबा घेऊन वाटी पुसायला जायची. तिच्या बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या. आईने विचारलं, तर म्हणाली, साबणाने होतंय.

तिला वाटलं होतं, दिवा लाल झाल्यावर पप्पा तरी विहिरीत पावडर टाकायचे थांबतील. पण पुढच्या आठवड्यात हरिभाऊंनी बादली काढली.

"आता तर जास्तच लागणार," ते म्हणाले. "त्या बाईंच्या जंतूंनीच सगळा घोळ झाला. एक जिवंत ठेवणार नाही मी." मग बादली तिच्याकडे सरकवत, "घे, कालव."

शर्वीने तोंडाला ओढणी बांधली आणि कालवायला घेतलं. पावडरीचा वास डोळ्यांत गेला, पाणी आलं. हरिभाऊ शेजारी बसून होते, त्यांना कसलाच वास येत नव्हता. त्यांनी बादली उचलली आणि विहिरीकडे गेले. परत आले, पोत्याचं तोंड दोनदा आवळून बांधलं आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी ते टँकर आणायला गेल्यावर शर्वी पावडरीच्या खोलीत गेली. टँकरच्या पाण्यासाठी लागणारी पावडर तिने आधी एका घट्ट झाकणाच्या बरणीत काढून घेतली आणि बरणी फळीवर मागे ठेवली. ती पावडर त्या पाण्यात ती स्वतः कालवणार होती. मग पोतं ओढत खिडकीखाली आणलं. ऊन सरळ त्याच्यावर येईल, असं. खिडकीची दोन्ही दारं उघडली. वडिलांनी बांधलेली पहिली गाठ सोडली, मग दुसरी. पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून उघडं करून ठेवलं.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. तिने कळशी घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.